उसाचे पाचट : जाळल्यास धूर, कुजविल्यास खत

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात लातूर शहराचा समावेश आहे. तेथील धूलिकणांची मोजणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. बारीक धूलिकणांची (पीएम २.५) २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. चाकूरसारख्या ग्रामीण तालुक्यात हवा स्वच्छ ठेवण्याचा एक सोपा उपाय शेतकऱ्याच्याच हाती आहे : पाचट न जाळणे.

जाळल्याने होणारे नुकसान
हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे १० टन पाचट पेटविल्यास सुमारे ५० किलो नत्रापैकी बहुतांश धुरात जाते.

खोडव्यात पाचट कुजविण्याची पद्धत
- उसाचे बुडखे जमिनीलगत छाटावेत.
- पाचट सरीत सारखे पसरावे.
- त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया व १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाकावे.
- पाचट कुजविणारे १० किलो जिवाणू खत शेणखतात मिसळून पसरावे व लगेच पाणी द्यावे.

आच्छादनामुळे ओल टिकते, तण कमी उगवते आणि पाण्याच्या पाळ्या वाचतात. पाणी कमी असलेल्या भागात हा फायदा मोठा आहे.