किनाऱ्यावरील अडथळे हटवण्याचे शासकीय अधिकार (मुंबई उपनगर)

जुहू, वर्सोवा, मढ, आक्सा, मनोरी आणि गोराई या किनाऱ्यांवर लोकांच्या वावराला अडसर किंवा जिवाला धोका ठरणारी वस्तू, बांधकाम वा जहाज हलवण्याची सत्ता एकाच कायद्यात सांगितलेली नाही. अडथळा कोणत्या जातीचा, यावर तो कोणी उचलायचा हे ठरते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार भरतीरेषेखालचा समुद्रतळ राज्य शासनाचा असून तेथील अतिक्रमण कलम 50 खाली जिल्हाधिकारी काढू शकतात. सार्वजनिक जागेतील उपद्रवाबाबत सशर्त आदेश, म्हणजे ‘हटवा, नाहीतर हजर होऊन कारण दाखवा’ असा हुकूम, कार्यकारी दंडाधिकारी देतात. त्याचा आधार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 आहे. पुळणीची रोजची झाडलोट आणि विनापरवाना मांडलेला माल उचलणे ही कामे महापालिकेची.

जहाज रुतले की मात्र केंद्राचा कायदा पुढे येतो. मर्चंट शिपिंग अधिनियम, 1958 च्या कलम 391 ने ‘रिसिव्हर ऑफ रेक’, म्हणजे बेवारस वा भग्न जहाज ताब्यात घेणारा अधिकारी, नेमण्याची तरतूद केली. जून 2011 मध्ये भंगारासाठी अलंगला ओढून नेले जाणारे ‘एमव्ही विज्डम’ दोर तुटून जुहूच्या वाळूत घुसले आणि 31 जुलैला, खलाशांनी ओमानजवळ सोडलेले ‘एमटी पवित’ हे तेलवाहू जहाज कोणाच्या नजरेस न पडता त्याच पट्ट्यात येऊन टेकले. अशा वेळी मोठ्या भरतीची वाट पाहून टगबोटीने जहाज ओढावे लागते, तर खर्च मालकाकडून वसूल करायचा असल्याने मालकच हात वर करतो तेव्हा काम रखडते. गोव्यात 6 जून 2000 रोजी कांदोळीला रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ पूर्ण निघायला 2012 उजाडले; एवढा विलंब किनाऱ्यावर अन्यायच होय.

जानेवारी 2016 मध्ये जुहूला मृतावस्थेत लागलेल्या देवमाशाच्या बाबतीत, तो वन्यजीव अधिनियमाने संरक्षित असल्याने, वनविभागाचाही संबंध आला. उलट वर्सोवा-मढ भागात बोंबील वाळवण्यासाठी कोळी बांधव बांबूंच्या वलांडी उभारतात. त्यांना अडथळ्यांच्या यादीत घालणे चूक ठरेल, कारण किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेने मुंबईच्या कोळीवाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली होती.