जनावराला सुटका, मग माणसाला का नाही?

मंडळी, घरचा कुत्रा किंवा बैल तडफडत पडला की आपण म्हणतो, "डॉक्टरला बोलवा, सोडवा बिचाऱ्याला." म्हातारं माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलं की हेच वाक्य जिभेवर येतं आणि तिथंच अडतं. कसाऱ्यात बातमीदारी करताना हा प्रश्न मी दबक्या आवाजात बऱ्याचदा ऐकलाय. पण प्रश्न आजचा नाही.

१९२८ साली गांधीजींच्या साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत होतं. वाचायची आशा नव्हती. गांधीजींनी डॉक्टर बोलावून विषाचं इंजेक्शन द्यायला लावलं. अहिंसेवाल्याने वासरू मारलं म्हणून केवढा गदारोळ झाला! लोकांनी विचारलं, माणसालाही हाच न्याय लावणार का? गांधीजी म्हणाले, तत्त्व एकच. पण आजारी माणसाला मदत करायची साधनं सहसा आपल्या हाती असतात, आणि माणूस स्वतः विचार करून ठरवू शकतो. म्हणजे मुद्दे दोन: सेवा आणि मर्जी.

जनावराचं कायद्यात सरळ आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, असह्य वेदनेतल्या जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरत असेल तर त्याला संपवायची तरतूद आहे. जनावराला कुणी विचारत नाही, कारण ते सांगू शकत नाही.

माणसाची कसोटी लागली ती परळच्या केईएममध्ये. हो, आपण कसारा लोकल पकडून जातो तेच केईएम. तिथल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अत्याचार झाला आणि त्या जवळपास ४२ वर्षं अंथरुणावर राहिल्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी दयामरण मागितलं. ७ मार्च २०११ रोजी सुप्रीम कोर्टाने नकार दिला. त्यांच्या वतीने बोलायचा हक्क कोर्टाने त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि त्यांना अरुणाताई जगायला हव्या होत्या. मात्र त्याच निकालाने, हायकोर्टाच्या परवानगीने उपचार थांबवायची वाट उघडली. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई न्यूमोनियाने गेल्या.

सेवेचा मुद्दा तिथे जिंकला. पण अरुणाताईंची मर्जी काय होती, हे कुणालाच कळलं नाही.

त्याचं उत्तर २०१८ साली आलं. शुद्धीत असतानाच "मला यंत्रावर ठेवू नका" असं लिहून ठेवायचा हक्क कोर्टाने मान्य केला. २०२३ मध्ये ते सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा. पुढे उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात. इंजेक्शन देऊन मारणं मात्र आजही गुन्हाच आहे.

मला ते बरोबर वाटतं. कारण आपल्याकडे पैसे संपले की पेशंटला घरी आणतात. ती त्याची मर्जी नसते, ती नाइलाजाची सही असते. उद्या इंजेक्शनची मुभा मिळाली तर पहिला नंबर कुणाचा लागेल? ज्याची जमीन विकून झालीय त्याचा.

२०१४ साली कायदा बदलून मॉर्फिनसारखी वेदनाशामकं मिळणं सोपं केलं. ती कसारा-खर्डीच्या पाड्यावरच्या कॅन्सर पेशंटपर्यंत पोचतात का? इच्छापत्र जपून ठेवायला ग्रामपंचायतीने कुणाला नेमलंय? हे दोन प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारा. सेवा आणि मर्जी दोन्ही मिळाल्या, की मग जनावराशी तुलना करू.

तुमच्या घरात याबद्दल कधी बोलणं झालंय का? खाली लिहा.