पुढची नोंद कोणती? बॅकअपनंतरच्या रेप्लिकेशनचा इतिहास

बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभा करणे ही एक गोष्ट आहे आणि उभी केलेली ती प्रत मूळ सर्व्हरच्या पाठोपाठ बिनचूक चालू लागणे ही दुसरी, हे डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या व्यवसायाला बरीच किंमत मोजून उमगले. एका सर्व्हरवर झालेला प्रत्येक बदल दुसऱ्या सर्व्हरवर त्याच क्रमाने घडवून आणण्याला रेप्लिकेशन म्हणतात. बदल जिथे मुळात होतात तो प्रायमरी आणि जी त्यांचे अनुकरण करते ती रेप्लिका. बॅकअपमधून उभारलेल्या रेप्लिकेपुढचा पहिला प्रश्न असा असतो की, आपल्याजवळचा डेटा नेमका कोणत्या नोंदीपर्यंतचा आहे आणि पुढची नोंद कोणती. या प्रश्नाचे उत्तर आधी माणसाच्या हाती होते, पुढे ते डेटाशेजारच्या एखाद्या फाइलीत गेले आणि अखेरीस डेटाच्या आत शिरले. या क्षेत्राचा इतिहास मुख्यतः या स्थलांतराचा आहे.

तत्त्व म्हणून यातले अखेरचे उत्तर जुनेच होते. आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करणारे, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली ‘एरीज’ ही पद्धत सविस्तर मांडली. तीत बदलाच्या प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक असतो आणि डेटाच्या प्रत्येक पानावर, त्या पानात शेवटचा बदल करणाऱ्या नोंदीचा क्रमांक लिहिलेला असतो. त्यामुळे यंत्र मध्येच बंद पडले, तरी पुन्हा सुरू होताना पान आणि नोंदींचा लॉग यांची तुलना करून कोणती नोंद लागू झाली आहे व कोणती राहिली आहे, हे कोणालाही न विचारता ठरवता येते. एका यंत्रापुरता प्रश्न असा सुटला, पण दोन यंत्रांमध्ये तो दीर्घकाळ रेंगाळला.

मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. स्वीडनमधील मायएसक्यूएल एबी या कंपनीने २००० साली ३.२३ या आवृत्तीमालिकेत रेप्लिकेशन आणले. प्रायमरीवरचा प्रत्येक बदल बायनरी लॉग नावाच्या फाइलींमध्ये ओळीने लिहिला जाई आणि रेप्लिका तो वाचून आपल्याकडे लागू करी. हिशेबाच्या जुन्या रीतीत रोजचे व्यवहार कीर्दीत उतरतात आणि तिथून खतावणीत खतवले जातात, तशी इथे बायनरी लॉग ही कीर्द होती आणि टेबले ही खतावणी. बॅकअप म्हणजे निव्वळ खतावणीची नक्कल असे. कीर्दीच्या कोणत्या ओळीपर्यंत खतवले आहे, हे त्या नकलेत आपोआप उतरत नसे. ती खूण फाइलीचे नाव आणि तीतील बाइटचे स्थान या जोडीने सांगितली जाई. फाइलीचे पहिले चार बाइट ओळखचिन्हासाठी राखलेले असल्याने पहिली नोंद स्थान ४ पासून सुरू होते, आणि म्हणून जुन्या सूचनांमध्ये हा ४ चा आकडा वारंवार भेटतो. बॅकअप घेणाऱ्याने सर्व टेबलांना कुलूप लावायचे, त्या क्षणीचे स्थान टिपून घ्यायचे आणि मग प्रत काढायची, अशी रीत होती.

टिपलेले स्थान चुकले तर काय होते, याचे उत्तर सरळ नव्हते आणि खरी अडचण तिथेच होती. स्थान नोंदीच्या मध्येच पडले तर रेप्लिका लॉग वाचूच शकत नसे आणि चूक लगेच कळे. ते थोडे मागचे निघाले, तर आधीच लागू झालेल्या नोंदी पुन्हा लागू होत. नवी ओळ घालणारी नोंद असल्यास तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्याची १०६२ ही त्रुटी येई आणि रेप्लिकेशन थांबे. मात्र तेव्हा लॉगमध्ये बदललेल्या ओळी लिहिल्या जात नसत, तर मूळ आज्ञाच लिहिली जाई. त्यामुळे ‘शिल्लक शंभराने वाढवा’ अशी आज्ञा दोनदा चालली, तरी कोणतीही त्रुटी न येता रेप्लिकेवरची रक्कम शंभराने अधिक होऊन बसे. उलट स्थान पुढचे पडले, तर मधल्या नोंदी मुकाट्याने गळत. अडलेली नोंद ओलांडून पुढे जाण्याची आज्ञा उपलब्ध होती आणि घाईच्या वेळी तिचा सर्रास वापर होई. ती दुरुस्ती नव्हती, दोन्ही प्रतींतील तफावत झाकणे होते, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. ५.१ आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, बदललेल्या ओळीच लॉगमध्ये लिहिण्याची सोय झाली आणि अशा कित्येक मूक चुका त्रुटी म्हणून समोर येऊ लागल्या.

४.० आवृत्तीत लॉग आणून ठेवणे आणि तो लागू करणे ही कामे दोन स्वतंत्र प्रक्रियांकडे गेल्यावर गुंता आणखी वाढला. रेप्लिकेची स्थिती विचारली असता कुठवर आणले आणि कुठवर लागू केले अशी दोन स्थाने दिसत, शिवाय तिचा स्वतःचा बायनरी लॉग असल्यास त्याचे तिसरेच स्थान असे. रेप्लिकेवरून घेतलेल्या बॅकअपसाठी यातले फक्त ‘कुठवर लागू केले’ हेच उपयोगाचे असते. बाकीची दोन्ही दिसायला तितकीच खरी वाटत. बॅकअपची साधने ही खूण प्रतीसोबत आपणच लिहू लागली, तेव्हा हाताने टिपण्यातली चूक टळली, पण रेप्लिकेची चालू खूण वेगळ्या फाइलीत असल्याने वीज गेल्यावर डेटा आणि खूण यांचा मेळ बिघडण्याचा धोका तसाच राहिला.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीने खूण कुठे ठेवायची आणि कशी सांगायची या दोन्ही बाबतीत मोठे पाऊल टाकले. ही खूण डेटाबेसमधल्याच टेबलात, बदलासोबत एकाच व्यवहारात नोंदवण्याची सोय झाली. शिवाय जीटीआयडी, म्हणजे ज्या सर्व्हरवर व्यवहार घडला त्याची ओळख आणि चढता क्रमांक मिळून प्रत्येक व्यवहाराला मिळणारे कायमचे नाव, अस्तित्वात आले. आता रेप्लिका आपल्याजवळच्या व्यवहारांचा संच सांगते आणि प्रायमरी उरलेले व्यवहार पाठवतो. याने जुने घोटाळे बरेच मिटले, तरी नवे आले. सर्व्हरची ओळख डेटाच्याच निर्देशिकेतील एका लहान फाइलीत असल्याने सगळी निर्देशिका उचलून नवी रेप्लिका उभारली की, दोन सर्व्हर एकच ओळख सांगू लागतात. बॅकअपमध्ये कोणते व्यवहार आधीच सामावले आहेत हे रिस्टोअरनंतर सांगितले नाही, तर रेप्लिका ते सगळे पुन्हा मागते. आणि ते लॉग प्रायमरीने मुदत संपल्यामुळे पुसले असतील, तर १२३६ ही त्रुटी देऊन सारे थांबते. अशा वेळी अलीकडचा बॅकअप घेऊन पुन्हा आरंभ करण्यावाचून सहसा गत्यंतर नसते.

पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस-प्रणालीने याच प्रश्नाची दुसरी बाजू आधी हेरली. २००५ च्या ८.० आवृत्तीत बॅकअप आणि लॉग यांच्या साहाय्याने भूतकाळातील हव्या त्या क्षणापर्यंत डेटाबेस परत नेण्याची सोय आली, तेव्हाच टाइमलाइन ही कल्पनाही आली: भूतकाळात थांबून पुढे नव्याने सुरू झालेल्या डेटाबेसचा इतिहास मूळ इतिहासापासून फुटलेला असतो, म्हणून त्याला वेगळा क्रमांक मिळतो आणि तो लॉगच्या २४ अंकी नावातील पहिल्या आठ अंकांत दिसतो. एका टाइमलाइनचे लॉग दुसरीचे म्हणून खपून जात नाहीत, हे या रचनेचे मोठेपण आहे. चालू रेप्लिकेशन मात्र २०१० च्या ९.० आवृत्तीत आले, आणि मागे पडलेल्या रेप्लिकेसाठी लॉग राखून ठेवणारे स्लॉट २०१४ च्या ९.४ मध्ये.

इतिहास फुटल्यावर काय होते, हे प्रोग्रामांचा कोड साठवणाऱ्या गिटहब या सेवेने २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अनुभवले आणि स्वतःच तपशीलवार प्रसिद्ध केले. ४३ सेकंदांच्या नेटवर्क-खंडामुळे मायएसक्यूएलचे प्रायमरीपद अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्याकडे गेले. पूर्वेकडचे काही सेकंदांतले बदल पश्चिमेला पोहोचलेले नव्हते आणि पश्चिमेने तोवर सुमारे ४० मिनिटांचे नवे बदल स्वीकारले होते. पूर्वेचे सर्व्हर अनेक टेराबाइटच्या बॅकअपमधून उभारून पश्चिमेच्या मागे लावावे लागले, आणि कामाचा दिवस सुरू होऊन लिखाणाचा ओघ वाढला तसतसे रेप्लिकांना मागचे अंतर भरून काढायला अंदाजापेक्षा अधिक वेळ लागला. सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. सर्वाधिक वर्दळीच्या सर्व्हर-गटांपैकी (क्लस्टरांपैकी) एकात, पश्चिमेला न पोहोचलेले ९५४ बदल शेवटी वेगळे उरले. त्यांचे लॉग जपून ठेवून तपासणी सुरू झाली. कोणते बदल आपोआप जुळवता येतील आणि कोणत्यांसाठी संबंधित वापरकर्त्यांशी संपर्क साधावा लागेल, हे तीतून ठरवायचे होते.