घडवणारा आणि घडवून घेणारा : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

मिरजेत आपल्या स्वराला जुळणारा तानपुरा करायला सांगणारा गायक, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात कपाट करायला टाकणारे कुटुंब आणि हाताला नेमकी बसेल अशी पूल या खेळाची क्यू (काठी) बनवून घेणारा खेळाडू, हे तिघेही अजून अस्तित्वातच नसलेल्या वस्तूसाठी पैसे मोजतात. अशा व्यवहारातला विश्वास आणि त्यातल्या अडचणी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक गोष्ट मांडली. मालाची खरी जात फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर चांगला माल बाजारातून हटू लागतो. घडवून घ्यायच्या वस्तूत हा पेच दुहेरी होतो. गिऱ्हाइकाला पारखायला समोर काहीच नसते. कारागिरालाही घोर असतोच, कारण एकाच्या मापाची वस्तू त्याने नाकारली तर ती दुसऱ्याला विकणे कठीण. आगाऊ रक्कम घेतली जाते ती हा धोका वाटून घेण्यासाठी.

तंट्याचे सर्वांत मोठे कारण मात्र वेळ. क्यूसाठी मेपल किंवा अ‍ॅशचे लाकूड एका दमात शेवटच्या जाडीपर्यंत उतरवले तर ते वाकण्याची भीती असते. म्हणून थोडे तासून ठेवायचे, ते स्थिरावले की पुन्हा तासायचे. तानपुऱ्याचा भोपळा शेतात पिकतो आणि पुरता वाळल्याशिवाय कामाला येत नाही. शेवटी तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, काढताना कारागिराचा कान हेच प्रमाण. हे सारे गिऱ्हाइकाच्या नजरेआड घडते. मुरत ठेवलेले लाकूड आणि विसरून गेलेले काम बाहेरून सारखेच दिसते. प्रामाणिक उशीर आणि फसवणूक यांतला फरक कळेनासा झाला की संशय सुरू होतो.

हा पेच वेगवेगळ्या समाजांनी वेगवेगळ्या रीतींनी सोडवला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात कुणबी आणि बलुतेदार यांच्या देण्याघेण्याचे चित्र आहे. तिथे सुताराला गिऱ्हाईक बदलता येत नसे आणि कुणब्याला सुतार. कुरबुरी होत, पण संबंध टिकत. त्या टिकाऊपणाची किंमत जातीच्या सक्तीने वसूल केलेली असे. मिरजेत शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवू लागली, पुढे ‘सितारमेकर’ हेच आडनाव झाले आणि घराण्याचे नाव जामीन राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि साऱ्या गावाच्या नावाला कायद्याचे बळ आले.

उल्हासनगरची गोष्ट याच्या उलट आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत आले. १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पेढ्या, पत, पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइके सिंधमध्येच राहिली होती. कॅम्प १ पासून कॅम्प ५ पर्यंत प्रत्येकाला आपली पत नव्याने उभी करावी लागली. वारशाने आलेले नाव पाठीशी नसताना विश्वास कसा उभा राहतो, हे अभ्यासायला याहून चांगली जागा शोधावी लागणार नाही.

कायदाही या नात्याची दखल घेतो. कशासाठी हवे ते सांगून, विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून माल घेतला, तर तो त्या कामाला योग्य असावा, असे १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १६ मानते. मुदत हाच कराराचा गाभा असेल तर ती चुकल्याचे परिणाम १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहेत. पण जवारी मनासारखी लागली की नाही, हे कोणत्या न्यायालयाने ठरवायचे?

या विषयात विश्वासाला निव्वळ स्वभावाचा गुण मानून भागत नाही. लाकडाची जात आणि माप लिहून ठेवणे, टप्प्याटप्प्याने पैसे देणे, काम कुठवर आले ते न विचारता कळवणे, उशिराचे कारण वेळीच सांगणे, या साध्या रीतींवर तो उभा असतो. म्हणून वाचकाला एकच विनंती : सिद्धान्त वाचाच, पण आधी जवळच्या एखाद्या कारागिराची ऑर्डरची वही पाहा, मग त्याच्या गिऱ्हाइकाला भेटा, आणि दोघांचीही बाजू सारख्याच आस्थेने लिहून घ्या.