रूपक कोणाच्या घरचे?

तरुणपणी एका कविसंमेलनात मी आईवरची कविता वाचली होती. तिच्या कष्टांना मी वारी म्हटले होते. ही वारी रोजची आणि पंढरी मात्र कधीच न दिसलेली. कविता संपल्यावर एक ज्येष्ठ रसिक जवळ आले. प्रेमानेच म्हणाले, "छान लिहिता. पण वारी काही तुमच्या घरची नव्हे." पुढे आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांनी तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला, "बेटा, तुला आपल्याकडची उपमा सापडली नाही का?"

तेव्हा मी दोघांनाही काही बोललो नाही. उत्तर मला नंतर सापडले, तेही साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका कवीकडे.

उपमा, रूपक हे आपण शाळेत 'अलंकार' म्हणून शिकतो, त्यामुळे ते कवितेच्या अंगावरचे दागिने वाटतात. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. पुढच्या शास्त्रकारांनी ती यादी वाढवत नेली. मराठीने मात्र सुरुवातीपासूनच या दागिन्यांना कामाला लावले. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेले 114 दृष्टान्त केसोबासांनी 'दृष्टान्तपाठा'त गुंफले. आधी सूत्र, मग रोजच्या व्यवहारातली लहानशी गोष्ट आणि शेवटी त्या गोष्टीचा सूत्राशी लावलेला मेळ, अशी त्यांची मांडणी. 1290 च्या ज्ञानेश्वरीतही अवघड विचार आला की पाठोपाठ ओळखीची वस्तू येते. ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे, त्याचे बोट धरून त्याला ठाऊक नसलेल्या ठिकाणी न्यायचे, हे ते काम.

याच वाटेवर सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद उभे आहेत. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले हे गाव. त्यांचे गुरू चांद बोधले. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे शेख महंमदांना मानत, अशी परंपरा आहे. 1645 च्या सुमारास त्यांचा 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण झाला. या ग्रंथाचे नावच एक रूपक आहे. साधना म्हणजे लढाई, साधक म्हणजे योद्धा आणि काम, क्रोध, लोभ हे शत्रू.

'षड्रिपू' या शब्दात शत्रू होताच, पण वापरून वापरून तो गुळगुळीत झाला होता. शेख महंमदांनी त्याला पुन्हा रणांगणात उभे केले. ते ज्यांच्यासमोर बोलत होते, त्यांना लढाई पोथीतून कळलेली नव्हती. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला होता. 1630 ते 1632 या काळात मोठा दुष्काळ पडला. 1636 मध्ये निजामशाही संपली. फौजा कोणाच्याही असोत, पीक आपलेच तुडवले जाते, हे पाहिलेली ती माणसे. त्यांना 'संग्राम' शब्दाचा अर्थ सांगावा लागत नव्हता. त्याच काळात देहूच्या तुकोबांनाही मनातल्या झगड्यासाठी युद्धाचीच भाषा सुचली, यात नवल ते काय!

आता हे रूपक कोणाच्या घरचे? 'योगसंग्रामा'चे प्रसंग अठरा. श्रोत्याला गीतेचे अठरा अध्याय आणि कुरुक्षेत्र आठवणारच. पण सूफी परंपराही सांगत आली आहे की, माणसाचा मोठा झगडा स्वतःच्या 'नफ्स'शी, म्हणजे वासनांनी भरलेल्या 'मी'शी असतो. दोन्हीकडून आलेले पाणी एकाच विहिरीत उतरले आहे. त्यातले कुठले कोणाचे, हे पोहरा टाकणाऱ्याला सांगता येणार नाही.

आणखी एक शब्द पाहा. त्या काळी मराठीत मुसलमानाला 'अविंध' म्हणत. ज्याचे कान टोचलेले नाहीत, तो अविंध. कानाच्या पाळीवरून अख्खा माणूस ओळखायचा, हीसुद्धा एक अलंकारिक भाषाच, फक्त बोट दाखवणारी. शेख महंमदांनी हाच शब्द स्वतःसाठी वापरला. दुसऱ्याने चिकटवलेली खूण त्यांनी आपल्या हाताने उचलून ओवीत ठेवली. मग तिचा काटा बोथट झाला.

हे वाचले त्या रात्री मला ते रसिक आणि ते चाचा दोघेही आठवले. रूपकाला सातबारा नसतो. ज्याने ते जगले, त्याचे ते. आषाढात आमच्या दारावरून दिंडी जायची, तेव्हा आई उंबऱ्यात पाण्याची घागर घेऊन उभी राहायची. वारकरी ओंजळ पुढे करायचे, ती पाणी ओतायची. आईला मी वारी म्हटले, ते शब्दकोश उघडून नव्हे. ती घागर मी अनेकदा भरून आणली होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)