बारडोलीच्या जप्त जमिनी

‘जमिनी परत मिळाल्या’ : सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्यात हे दोनदा घडले आणि दोन्ही प्रसंगांची गल्लत होता कामा नये. 1928 च्या साराबंदीत जप्त झालेल्या जमिनी तडजोडीतच सुटल्या. 1930 च्या सविनय कायदेभंगाच्या लढ्यात मात्र शेतकरी घरांना कुलपे लावून, गुरेढोरे हाकत बडोदा संस्थानात गेले आणि मागे जमिनी विकल्या गेल्या. तिऱ्हाइताने विकत घेतलेली जमीन परत मिळणार नाही, हे 1931 च्या गांधी-आयर्विन करारात मान्य करावे लागले. पुढे मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने ती परत देण्याची वाट काढली. देशसेवेचा मोबदला घेऊ नये, हा आक्षेप इथे लागू होत नाही. हिरावलेले परत करणे म्हणजे मोबदला नव्हे. पण ज्याच्या नावावर जमीन, त्यालाच ही भरपाई पोचली. पाटीदारांच्या शेतांवर राबणाऱ्या भूमिहीन हळपतींकडे जप्त होण्याजोगे होतेच काय? म्हणूनच 1972 ची केंद्राची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना मला अधिक न्याय्य वाटते. तिने मालमत्तेच्या जप्तीबरोबर तुरुंगवासही, सामान्यतः किमान सहा महिन्यांचा, मोजला. 1980 मध्ये उत्पन्नाची अट गेल्यावर ती खऱ्या अर्थाने सन्मानाची झाली. बनावट दाव्यांचा आक्षेप खरा आहे. बीड जिल्ह्यातील अशी प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तरीही त्याच न्यायालयाने 2001 मध्ये गुरदयालसिंग खटल्यात बजावले की, अशा अर्जांना फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लावू नये. तुरुंगाची जुनी दप्तरे सापडत नसतील, तर त्याचा भुर्दंड वृद्ध अर्जदारावर का पडावा?