चाल आपलीच

आमच्या घरातली पेटी कुठून आली, याच्या आजोबांकडे तीन गोष्टी होत्या. पहिलीत ती भाऊच्या धक्क्यावर एका खलाशाकडून घेतलेली. दुसरीत पनवेलच्या बाजारात भाताच्या बदल्यात मिळालेली. तिसरी गोष्ट ते फक्त भजन संपल्यावर, चहा फिरत असताना सांगत. तिच्यात ही पेटी उरणच्या चर्चमधली, पाद्रीबाबांनी मोडीत काढलेली. भजनी मंडळातले हसायचे. पांडुरंगाच्या भजनाला येशूची पेटी म्हणजे काय!

कुठली गोष्ट खरी, ते आजोबांनाच ठाऊक. पण तिसरी गोष्ट आमच्या पेटीबद्दल खोटी असली तरी पेटी या वस्तूबद्दल बरीचशी खरी आहे, हे मला फार उशिरा कळलं. हार्मोनियम १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये तयार झालं. ऑर्गन परवडत नसलेल्या चर्चना ते सोयीचं पडलं आणि मिशनऱ्यांच्या सामानातून ते हिंदुस्थानात उतरलं. तेव्हा ते पायाने भाता मारायचं होतं, वाजवणारा खुर्चीवर बसायचा. आपल्याकडे गाणारा मांडी घालून बसतो. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे नेला, एका हाताने हवा आणि दुसऱ्याने सूर अशी सोय केली आणि पेटी जमिनीवर आली. मग ती नाटकात गेली, कीर्तनात गेली, आमच्या जासई गावच्या देवळातही येऊन बसली. १९४० साली आकाशवाणीने तिला परकी म्हणून बाहेर काढलं, ती तीसेक वर्षं बाहेरच राहिली. भजनी मंडळांना त्याचा पत्ताही नव्हता.

जासई म्हटलं की लोकांना शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील आठवतात, जमिनीच्या आंदोलनावरचा चौऱ्याऐंशीचा गोळीबार आठवतो. आठवायलाच हवा. पण त्याआधीची जासई मिठागरं, भातखाचरं आणि रात्रीची भजनं यांची होती. माझी आजी उरणच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबईला भाजी, वाल घेऊन जायची. त्या फेऱ्यांत तिची एका ख्रिस्ती बाईशी मैत्री जुळली. आम्ही तिला उरणची मावशी म्हणायचो. एकदा, स्वातंत्र्याच्या आसपासचं साल असावं, गुड फ्रायडेला मावशीने आजीला थांबवून घेतलं. आत चर्चमधल्या उपासनेची भाषा लॅटिन, ती मावशीलाही कळत नव्हती. पण संध्याकाळी बाहेर, क्रुसापाशी बायका जमल्या आणि येशूच्या दुःखाची गाणी म्हणू लागल्या. बोली आमच्यासारखीच. आजी ते सांगताना दरवेळी तिथे थांबायची आणि मग म्हणायची, "त्यांचा देव येगला, पन चाल आपलीच हाय रे."

आजीने ती चाल धवल्याची असल्याचं सांगितलं होतं. आमच्या आगरी लग्नात धवलारीण गाते तो धवला. लहानपणी मला ही आजीची थाप वाटायची. आता वाटत नाही. ठाणे, साष्टी, वसई, उरण या पट्ट्यातले ख्रिस्ती लोक पोर्तुगीज काळात धर्म बदलून गेले, पण गळा बरोबर घेऊन गेले. या लोकांना ईस्ट इंडियन म्हणतात. त्यांच्या लग्नातलं उंबराचं पाणी आणायला निघालेल्या बायकांचं गाणं ऐका, शेजारच्या आगरी-कोळी लग्नातलं ऐका. शब्द बाजूला ठेवले तर नातं सांगावं लागत नाही.

पाद्रीही हे ओळखून होते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्विट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचं ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापून निघालं. बायबलची कथा, पण मराठी ओवीत, दहा हजारांवर ओव्या. ओवी का, याचं उत्तर तुमच्या-माझ्या आजीला विचारा. ओवीला वाद्य लागत नाही, पुस्तक लागत नाही, जात्याच्या खुंट्याला हात असला तरी ती चालते, चरण लांबला तरी सांभाळून घेते. गोव्यातल्या साष्टीच्या चर्चमधून ते पुराण रविवारी, सणावारी गायलं जाई. पुढे १६५९ साली फ्रान्सिस्कु वाज दे गिमरायंस या पाद्रीचं येशूच्या दुःखसहनावरचं पुराण लिस्बनला छापलं गेलं. त्याची भाषा आमच्या मुंबई-वसईकडची. क्रुसापाशी आजीने ऐकलं ते त्याच वळणाचं असेल का? असावं असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं आहे.

दुसऱ्या टोकाची गोष्ट मला नगरला मिळाली. १९८२ साली मी तिथे बी.एड.ला होतो. घरमालक ऐंशीच्या घरातले ख्रिस्ती गुरुजी. खोली घेताना त्यांनी भाड्याआधी विचारलं, "पेटी येते म्हणता, मग काळी दोनला गाता का?" रविवारी ते मला उपासनेला घेऊन जायचे. तिथे पहिल्यांदा कानावर आलं, "मंडळींनी उभं राहावं." मंडळी! चर्चला मराठी प्रोटेस्टंट माणूस मंडळी म्हणतो आणि आमच्या भजनात टाळ घेऊन बसणारेही मंडळीच.

गुरुजी सांगायचे ते असं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ पासून नगरला. त्यांच्यातल्या हेन्री बॅलंटाइन साहेबांनी इंग्रजी गीतं मराठीत आणली, मेहनतीने आणली. पण चाली तिकडच्याच राहिल्या. इंग्रजी गीतात ठोका शब्दाच्या ठरावीक भागावर पडतो, मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब. मग होतं काय, ‘प्रभु’मधला ऱ्हस्व ‘भु’ चार मात्रा ताणावा लागतो आणि ‘तारणारा’ धावत उरकावा लागतो. शिवाय चार सुरांत गायची रीत, हातात पुस्तक. खेड्यातल्या मंडळीत वाचता येणारे दोन-तीन. गुरुजी म्हणायचे, "पुस्तकाचं गाणं पुस्तकवाल्यांचं. बाकीचे ओठ हलवायचे." भजनात एकाने सांगायचं, बाकीच्यांनी उचलायचं. कान असला की झालं.

त्यातून वाट काढली ती कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी. त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. आणि मग आले नारायण वामन टिळक. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा, मग नगर. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. त्यांनी गीतं लिहिली ती अभंगाच्या, पदाच्या वळणावर, आणि आजही ‘उपासना संगीत’ उघडलं की दर काही पानांनी टिळक भेटतात. गुरुजींनी लहानपणी टिळकांचं कीर्तन ऐकलं होतं. काय आठवतं म्हटलं तर म्हणाले, "उपरणं. आणि लोक घरी जायला तयार नव्हते."

जर्मनीत लूथरने १५२४च्या सुमारास लोकांच्या भाषेतली गीतं छापून लोकांच्या तोंडी दिली होती. टिळकांचं काम त्याच जातीचं, असं पुस्तकांत वाचायला मिळतं. गुरुजींना ते पटायचं नाही. त्यांचं म्हणणं वेगळं होतं आणि मला ते जास्त मोठं वाटतं. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या बहुतेक महार-मांग वस्तीतल्या. भजन त्यांना टिळकांनी शिकवलं नाही, ते त्यांच्याकडे आधीपासून होतं. डफ होता, एकतारी होती. पंढरपूरचं देऊळ त्यांच्यासाठी १९४७ साली उघडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. "माझा आजा," आमचे घरमालक गुरुजी म्हणाले, "देवळाच्या भिंतीबाहेर उभा राहून भजन शिकला. तेच भजन तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून म्हणायचा." हे सांगून त्यांनी पेटी पुढे ओढली आणि मला सूर धरायला सांगितलं. मी काही बोललो नाही. माझ्या गावच्या देवळाच्या भिंतीबाहेर कोण उभं राहायचं, ते मला ठाऊक होतं.

उरणच्या मावशीकडे मात्र मराठी गाणं चर्चच्या आत यायला डिसेंबर १९६३ उजाडावा लागला. रोमला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत उपासनेला परवानगी दिली आणि पुढच्या काही वर्षांत मिस्सा मराठीत आली. प्रवेशगीत, अर्पणगीत, सगळं मराठीत. मावशी खूश असेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "गानी बरी हात. पन आमची नाय घेतली." नवी गाणी शिकलेल्यांनी लिहिलेली, शुद्ध मराठीतली, क्वायरने बसवलेली. क्रुसापाशी म्हणायची ती बाहेरच राहिली. मराठीतही एक आत आणि एक बाहेर असतं, ते मावशीला आमच्याआधी कळलं.

वस्तू मात्र भिंती मानत नाहीत. १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांत नेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच, तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे. ती बाप्तिस्म्याला वाजली असेल, नंतर आरतीला वाजली. नाद तोच राहिला. आजोबांच्या तिसऱ्या गोष्टीला हसणाऱ्यांना मी आता ही घंटा ऐकवतो.

गेल्या वर्षी मावशीच्या नातवाने मला एक वही आणून दिली. मावशीने सांगितलेली, कुणीतरी शाळकरी अक्षरात उतरवलेली प्रायश्चित्तकाळातली गाणी. शब्द पुरे, वर कुठेही चाल लिहिलेली नाही. जुन्या गीतपुस्तकांत निदान गाण्याच्या डोक्यावर अमुक पदाची चाल म्हणून छापत. इथे तेवढंही नाही, कारण लिहिणाऱ्याला ती पाठच होती. मी पेटी काढली, आईला बसवलं. ती आता नव्वदीच्या पुढे आहे. तिला धवला म्हणायला सांगितला आणि वहीतल्या ओळी त्यात घालून पाहिल्या. पहिल्या दोन बसल्या. तिसरी काही केल्या बसेना.

वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी वही असेल, उरण, वसई, नगर, कुठेही, तर शब्द असू द्यात. ते टिकतील. आधी घरातल्या म्हातारीला गायला सांगा आणि मोबाइल चालू ठेवा. तिसरी ओळ कुणाला येत असेल तर जासईला कळवा.